शेऱ्याचा रकाना

आमच्या घरात कुणावर विश्वास ठेवायचा असेल तर आधी आईची परवानगी लागायची, आणि ती सहसा मिळायची नाही. ठाण्याला नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या जागेत, बाहेरच्या खोलीत, ती ज्ञातीचं वधू-वर सूचक मंडळ चालवायची. पाटी नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होतं. गुरुवारी आणि रविवारी सकाळी नऊपासून जिन्यात चपला सुटायला लागायच्या आणि आत मी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता बाहेरचं सगळं ऐकत असायचे. मंडळात चहा द्यायचा नाही हा आईचा नियम. चहा दिला की माणसं सैलावतात आणि सैलावली की उठत नाहीत, असं तिचं म्हणणं. त्याऐवजी तांब्याभर पाणी आणि वाटीत चार-सहा बत्तासे. "कोण किती उचलतंय ते बघून ठेव," असं ती आत येऊन मला पुटपुटायची. मी बघायचे. मला त्यातून काही म्हणजे काही कळायचं नाही, तिला सगळं कळायचं.

पत्रिका हातात आली की ती आधी जन्मवेळेवर बोट ठेवायची. "इथे ब्लेडने खरवडलंय," म्हणाली की खरवडलेलंच असायचं. मुलगा अमक्या कचेरीत साहेब आहे असं कुणी सांगितलं, तर आई तिकडे सरळ फोन लावायची, "मी त्यांच्या मावशीच्या शेजारची बोलतेय, आहेत का टेबलावर?" एकदा पलीकडून उत्तर आलं, "कोण, कँटीनमधला का?" त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. लोक तिला संशयी म्हणायचे आणि आपल्या मुलीचं स्थळ मात्र तिच्याकडेच आणायचे.

प्रत्येक स्थळाचं एक पिवळट कार्ड असायचं. पुढच्या बाजूला शाईने नाव, शिक्षण, उंची, गोत्र, नोकरी. मागच्या बाजूला पेन्सिलने, मुंगीएवढ्या अक्षरात, फक्त आईला ठाऊक असलेलं काहीतरी. 'वडील पितात.' 'पहिला साखरपुडा मोडला, दोष मुलाचा.' 'सासूला सून नको, मोलकरीण हवी.' ही मागची बाजू कुणाला दाखवायची नाही, पण लपवून लग्नही लावायचं नाही, अशी तिची रीत होती. बोलणी पुढे सरकली, दोन्हीकडची मनं बसली, की आई स्वतः त्या घरी जायची, त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसायची आणि ती गोष्ट आपल्या तोंडाने सांगायची. "गोष्ट तीच असते गं," ती मला म्हणायची, "पण ती कुणी सांगितली आणि कधी सांगितली, यावर सगळं असतं." तिने असं सांगितल्यावर मोडलेलं स्थळ मला एकही आठवत नाही. आज मला वाटतं, तिचं खरं काम तेवढंच होतं, बाकी नुसती कारकुनी होती.

मंडळाची डोंबिवलीची शाखा लीलामावशी सांभाळायची. आई आणि ती शाळेपासूनच्या मैत्रिणी. दर आठवड्याला कार्डांच्या पुढच्या बाजूच्या नकला एका कापडी पिशवीतून इकडून तिकडे जायच्या. हाताने लिहिलेल्या. लिहून लिहून दोघींची बोटं दुखायची, आणि एकीकडे ठरलेलं स्थळ दुसरीकडे महिनाभर दाखवलं जायचं. अशी दोन-तीनदा फजिती झाली तेव्हा मी मधे पडले. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन नौपाड्यातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. अंगात मस्ती होती. क्लासने मोडीत काढलेलं एक यंत्र मी रिक्षात मांडीवर धरून घरी आणलं आणि जाहीर केलं की आता सगळी कार्डं यात जाणार.

एका मासिकासोबत आलेल्या सीडीवर मला लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट प्रणाली, मिळाली होती, आणि त्याच सीडीच्या कोपऱ्यात सभासदांची यादी ठेवायचा एक प्रोग्रॅम, ब्राउझरमध्ये चालणारा. यादी आमच्या यंत्रावर राहणार आणि डोंबिवलीहून फोनच्या तारेने ती उघडता येणार, हे मला फार भारी वाटलं. परदेशातल्या पक्षी बघणाऱ्या कुठल्याशा क्लबसाठी तो कुणीतरी लिहिला होता आणि हवा त्याने घ्यावा, हवा तसा बदलावा, म्हणून मोकळा सोडला होता. त्यात 'आवडता पक्षी' असा एक रकाना होता. मी त्याचं 'गोत्र' करून टाकलं.

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, अख्खी नोकरी एका कारखान्याच्या गेटवर बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या तपासण्यात गेली होती. ते म्हणाले, "फुकट? फुकट कोण देतं? यात पाणी कुठेतरी मुरतंय." आईची शंका वेगळी होती. मी उत्साहाच्या भरात सांगून बसले होते की या प्रोग्रॅमचं सगळं लिखाण उघडं आहे, कुणालाही वाचता येतं.

"म्हणजे आपल्या मुलींची नावं कुणालाही वाचता येणार?"

"अगं आई, नावं नाही गं! तो बनवलाय कसा, ते वाचता येतं. पुरणपोळीची कृती सगळ्या ठाण्याला माहितीये, म्हणून तुझ्या डब्यातली पोळी कुणी पळवली का?"

"कृती माहीत असलेली बाई डबाही बरोबर शोधते," आई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

ते सगळं बसवायला मला अख्खं नवरात्र लागलं. टेंभी नाक्यावर देवी बसली होती, क्लासला जाता-येता कानांत ढोल बसायचे, आणि घरी आलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. तीनदा डिस्क पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. प्रोग्रॅमचे तुकडे त्या जुन्या यंत्रावर जुळवायला लावले की दोन-दोन तास ओळींमागून ओळी वर सरकत राहायच्या. अण्णा खुर्ची ओढून समोर बसायचे. "एवढं काय लिहितंय ते? आणि कुणाला लिहितंय?" शेवटी सगळं जुळलं, तर ब्राउझर नुसता म्हणायचा की आत काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते सांगायचा नाही. चार दिवस मी डोकं आपटलं. चूक एवढीच होती की त्या फाइलला चालण्याची परवानगीच मी दिली नव्हती. ती दिली आणि पान उघडलं, तेव्हा मी मोठ्याने ओरडले आणि शेजारच्या काकू काय झालं म्हणून धावत आल्या. आईने यंत्रावर क्रोशाचं झाकण घातलं. हा तिचा होकार होता.

मग कार्डं भरायला बसलो. आई वाचायची, मी टाइप करायचे, इंग्रजी अक्षरांत, कारण तेव्हा मराठी अक्षरं त्यात बसवणं माझ्याच्याने होईना. पुढची बाजू संपली की आई कार्ड खाली ठेवायची. दोन दिवसांनी मीच म्हटलं, मागची बाजूही घालूया की. प्रोग्रॅममध्ये शेऱ्याचा रकाना आहे, तो मी पानावरून काढून टाकते, तुझ्या पासवर्डशिवाय दिसणार नाही. पेन्सिल पुसट होत चाललीये, उद्या तुलाच वाचता येणार नाही.

"कुणालाच दिसणार नाही?"

"कुणालाच नाही."

"लीलालाही?"

"लीलामावशीलाही नाही."

जिवलग मैत्रिणीचंही नाव तिने घ्यावं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं. मी माझ्या हुशारीत होते. आईने कार्ड उलटं केलं. उभ्या आयुष्यात तिने कुणाच्या नुसत्या शब्दावर काही केलेलं मी पाहिलं असेल तर ते त्या दिवशी.

दुपारी दोन ते चार आमचा फोन मंडळाचा. डोंबिवलीहून लीलामावशी आपल्या मुलाच्या कॉम्प्युटरला मंडळाने दिलेला मोडेम जोडून फोन लावायची, आमचा मोडेम किंचाळून तो उचलायचा आणि तिला तिकडे बसून सगळी स्थळं दिसायची. त्या वेळात भलत्याच कुणी फोन केला तरी मोडेम तेवढ्याच आवडीने त्यांच्या कानात किंचाळायचा. वसईच्या आत्या त्यावरून वर्षभर रुसल्या होत्या. पण काम झकास चाललं. पिशवी बंद झाली. लीलामावशीकडे प्रिंटरही होता, मुलाच्या कामाचा, तर ती लोकांना कागद छापून द्यायची. आमच्याकडे प्रिंटर नव्हता, म्हणून छापायचं पान मी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. लोक म्हणायला लागले, ठाण्याचं मंडळ आता कॉम्प्युटरवर आहे. आई वरवर "कसलं काय," म्हणायची, पण झाकण रोज झटकायची.

त्या हिवाळ्यात मेधाचं जुळत आलं. मेधा डोंबिवलीची, लीलामावशीच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी, शाळेत शिकवायची. एकोणतीस संपत आलं होतं, स्थळं येऊन येऊन जात होती, आणि तिची आई माझ्या आईसमोर रडून गेली होती. तिच्या कार्डामागे लिहिलं होतं, 'लहानपणी फिट्स. बाराव्या वर्षानंतर एकदाही नाही. मी स्वतः सांगेन.' मुलगा ठाण्याचा, शांत, चांगला. दोनदा भेटले, दोघांनाही पसंत. आई शुक्रवारी मुलाच्या घरी जाऊन सांगणार होती. तिने साडीसुद्धा काढून ठेवली होती.

बुधवारी मुलाचे वडील आले. चपला न काढता दारातच उभे राहिले.

"ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मुलीला फिट्स येतात आणि तुम्ही लपवलंत."

"येत नाहीत, यायच्या. आणि मी परवा तुमच्याकडे..." आई उठून उभी राहिली होती. "तुम्हाला सांगितलं कुणी?"

"ते आता कशाला? आम्हाला कळलं, बास." आणि ते जिना उतरून गेले.

संध्याकाळी मेधाच्या आईचा फोन आला. आईने तो घेतला. फोन ठेवून ती मला म्हणाली, "ती म्हणते, तुम्हाला एकट्यांना सांगितलं होतं." मग तिने बोटं मोजली. मेधाची आई. ती स्वतः. मी. आणि यंत्राकडे न बघता, "तो डबा."

दुसऱ्या दिवशी आई मंडळात बसली नाही. गुरुवार असून. लोक आले आणि अण्णांनी त्यांना दारातून परत पाठवलं. मला धडकी भरली, आणि खरं सांगायचं तर अपमानही वाटला, की आई त्या यंत्रावर, म्हणजे माझ्यावर, संशय घेते. वेब सर्व्हर, म्हणजे ही पानं पाठवणारा प्रोग्रॅम, एक नोंद ठेवतो, कुठून कुणी किती वाजता कुठलं पान मागितलं याची, ओळीला ओळ. ती मी उघडली. मंगळवारी दुपारी दोन चाळीसला, डोंबिवलीहून, मेधाचं छापायचं पान. मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण पहिल्यांदा बरंच वाटलं. मग मी ते पान स्वतः उघडलं. नाव, उंची, गोत्र, आणि सगळ्यात खाली, शेऱ्याची पहिलीच ओळ, 'Shera: lahanpani fits.' पडद्यावरच्या पानातून मी शेरा काढला होता. छापायच्या पानातूनही तो वेगळा काढावा लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे मी जे केलं ते इतकी वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलं नाही. छापायच्या पानातल्या दोन ओळी मी पुसल्या. पान पुन्हा उघडून पाहिलं, शेरा गेला होता. आणि मग मी आईला हाक मारली.

"हे बघ. मंगळवार, दोन चाळीस. डोंबिवली. मेधाचं पान."

आईने चष्मा लावला. "लीला?"

"तिथून दुसरं कोण बघणार?"

"पण शेरा तिला दिसत नाही म्हणाली होतीस."

"नाहीच दिसत. हे बघ, छापायचं पान. आहे का कुठे?" मी पान उघडून दाखवलं, नुकतंच पुसलेलं. "ती मेधाच्याच बिल्डिंगमधली ना आई. तिला तसंही माहीत असेल. कागद द्यायला गेली आणि बोलून गेली असेल."

मी स्वतःशीही हेच बोलत होते, आणि बोलता बोलता मला ते अर्धंमुर्धं पटतही होतं. संशयाचं असंच असतं, एकदा दुसऱ्याकडे तोंड वळलं की आपल्याला हायसं वाटतं. आईने फोन लावला. मी आत जाऊन उगाच पीठ मळायला घेतलं. दोनच मिनिटं बोलली असेल. "तू दिलास ना कागद? मग झालं तर." एवढंच मला ऐकू आलं. फोन ठेवला आणि म्हणाली, "डोंबिवलीचं बंद. जाऊन मोडेम घेऊन ये."

शनिवारी मी डोंबिवलीला गेले. लीलामावशीने नेहमीसारखं जेवायलाच बसवलं, डाळिंब्यांची उसळ, भात, वर तुपाची धार. मी भात नुसता कालवत राहिले. ती भिंतीला टेकून समोर बसली होती.

"मुलाचे वडील स्वतः आले होते गं, भावाला दाखवायला कागद हवा म्हणाले. मी छापला, घडी घातली, दिला. त्यात काय होतं ते मला त्यांच्याच तोंडून कळलं. त्या इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायला बसलं की माझं डोकं उठतं, मी कधी वाचतच नाही. तुझी आई म्हणते, मीच सांगितलं. अगं, मला माहीत तरी होतं का?" मग ती म्हणाली, "कार्डाच्या मागे ती काही लिहिते, हे मला परवा कळलं. इतक्या वर्षांनी. मला कधी बोलली नाही ती."

तेवढ्यात मेधा आली. मी आल्याचं तिला कळलं होतं. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार. ती दारातच टेकून उभी राहिली.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या भेटीत मीच सांगितलं होतं. तो म्हणाला, एवढंच ना? मग कागद आला, वडिलांनी सगळ्यांसमोर वाचला, आणि हा गप्प बसला. 'मला आधीच माहीत होतं,' एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं नाही." ती निघायला वळली आणि थांबली. "तुझ्या आईने जाऊन सांगितलं असतं ना, तर त्याला बोलायला जमलं असतं बहुतेक."

ती हे माझ्यावर रागावून म्हणाली नाही, कारण कागदावर ते कुणामुळे आलं हे तिला ठाऊकच नव्हतं. मी तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण म्हटलं, आधी आईला सांगू, मग या दोघींना. मोडेम पिशवीत घातला आणि निघाले. आजही त्या दाराशी उभी असलेली मेधा आठवली की मला माझा राग येतो. पुढे तिचं लग्न झालं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

घरी आले तेव्हा आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत होती. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. छापायचं पान, खाली उघडा राहिलेला शेरा, मी पुसलेल्या दोन ओळी. "लीलामावशीने काही केलं नाही आई. मी केलं. तिने कागद वाचलाही नव्हता." सांगताना मी रडत होते. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"दाखव," ती म्हणाली.

दाखवायचं तर त्या दोन ओळी परत घालायला हव्या होत्या. मी यंत्रासमोर बसले, आई माझ्या पाठीशी उभी राहिली. ओळी घातल्या, पान उघडलं. खाली शेरा आला. आईने वाकून अक्षर न् अक्षर वाचलं.

"हे आत्ता आलं. तू काहीतरी टाइप केलंस तेव्हा."

"अगं, आधी होतं! मीच काढलं होतं, आता तुला दाखवायला परत—"

"परवा मी पाहिलं तेव्हा नव्हतं. आज लीलाकडे जेवून आलीस आणि आहे."

"आई, तुझी शपथ घेऊन सांगते."

"माझी शपथ घेऊ नकोस. एवढंच सांग, हे घालायला किती वेळ लागला तुला?"

"मिनिटभर."

"आणि काढायला?"

"तेवढाच."

ती चष्मा काढून पदराने पुसत राहिली. मग म्हणाली, "आणि मंगळवारची, दोन चाळीसची, लीलाची ओळ? ती घालायलाही मिनिटच लागलं असेल ना?"

"ती खरी होती गं आई."

"असेल," आई म्हणाली.

तिने लीलामावशीला फोन केला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. माझ्यावर ती ओरडली नाही, अबोला धरला नाही, यंत्र काढ असंही म्हणाली नाही. मी आणलेलं खायची, मी सुचवलेल्या डॉक्टरांकडे जायची. फक्त त्या दिवसापासून मी तिला काहीही सांगितलं, बाहेर ऊन आहे किंवा मला बरं वाटत नाहीये किंवा पुढे कधी फोनवरून, आई मला तुझी फार आठवण येते, तरी ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, असेल.